आकाशाचे दार कार्यशाळेतून उघडले

विमानाचा आवाज आला की लहान मूल अंगणात धावत येते आणि मान वर करून पाहत राहते. मोठेपणी कोण होणार, असे त्याला विचारावे, तर ते हमखास सांगते, "मी विमान चालवणार." विमान दुरुस्त करणार, असे सांगणारे मूल मात्र क्वचितच भेटेल. यात मुलांचा काही दोष नाही. कौतुक कोणाचे करावे, हे ती आपल्यापासूनच शिकतात. हाताला तेल लागणाऱ्या कामाविषयी आपल्या घराघरांतून कोणत्या स्वरात बोलले जाते, हे आपण सारे जाणतो. "नीट अभ्यास कर, नाही तर गॅरेजात पाठवीन," ही धमकी आपल्यापैकी कित्येकांनी ऐकली असेल आणि काहींनी दिलीही असेल.

म्हणून आज आपल्यापुढे इतिहासातील एक प्रकरण ठेवावेसे वाटते. ते आपल्या देशातले नाही. अमेरिकेत ज्या कृष्णवर्णीय समाजाला लष्कराने विमानाच्या आसपासही येऊ दिले नव्हते, त्या समाजातील लष्करी विमानांच्या इंजिनांची आणि पंख्यांची निगा राखणाऱ्या मेकॅनिकांची ही हकिगत आहे. त्या समाजाचे वैमानिक पुढे जगप्रसिद्ध झाले. परंतु त्यांच्या आधी कोण आले आणि त्यांना उडते कोणी ठेवले, हे फारसे सांगितले जात नाही.

टस्कीगी हे नाव

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखाशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले होते. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ साली आलेले पुस्तक तर मराठी घराघरांत वाचले गेले. त्यामुळे अलाबामा राज्यातील टस्कीगी हे गाव आपल्या वाचकांना अगदीच परके नाही. शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १८९६ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ज्या संस्थेत काम केले, ती संस्था याच गावातली.

ही संस्था १८८१ साली सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते. इमारती नव्हत्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या, भाजल्या आणि त्या विटांनीच आपल्या वर्गखोल्या बांधल्या. सुतारकाम, लोहारकाम, शेती, शिवणकाम हे तेथील शिक्षणाचे अंगच होते. हाताला काम शिकवा, म्हणजे माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहील, असे वॉशिंग्टन यांचे मत होते.

याच समाजातील दुसरे मोठे विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना हे पुरेसे वाटत नव्हते. मताचा हक्क आणि उच्च शिक्षण यांच्यावाचून नुसत्या कारागिरीने समाज वर येणार नाही, असे त्यांनी १९०३ साली जाहीरपणे मांडले. हा वाद पुष्कळ वर्षे चालला. दोघांपैकी कोण बरोबर, याचा निर्णय आत्ताच करू नका. पुढची हकिगत ऐका.

अहवाल आणि अर्ज

पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान उडवणारा एकमेव कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण यूजीन बुलार्ड हा होता, पण तो उडाला फ्रान्सच्या सैन्यातर्फे. बेसी कोलमन या तरुणीलाही वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी फ्रान्सला जावे लागले. तो तिला १९२१ साली मिळाला. स्वतःच्या देशात कोणी शिकवायलाच तयार नव्हते.

१९२५ साली अमेरिकेच्या लष्करी महाविद्यालयाने एक अहवाल तयार केला. युद्धात कृष्णवर्णीय मनुष्यबळाचा उपयोग कसा करावा, हा त्याचा विषय होता. बुद्धी, धैर्य आणि चारित्र्य या बाबतींत हा समाज कमी प्रतीचा आहे, असा त्याचा सूर होता. असे एकदा कागदावर उतरले की पुढच्या अधिकाऱ्याला स्वतः विचार करण्याची गरज उरत नाही. तरुण अर्ज करीत आणि उत्तर येई की तुमच्यासाठी तुकडीच नाही. तुकडी का नाही, असे विचारावे, तर उत्तर मिळे की शिकलेली माणसेच नाहीत. वाचकहो, हे चक्र आपल्यालाही कोठेतरी ओळखीचे वाटेल.

हे चक्र आपोआप थांबले नाही. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी सतत मागणी लावून धरली. १९३९ साली नागरी वैमानिक प्रशिक्षणाची सरकारी योजना निघाली, तेव्हा टस्कीगी संस्थेने त्यात प्रवेश मिळवला. १९४० च्या सक्तीच्या सैन्यभरतीच्या कायद्यात, भरतीत आणि प्रशिक्षणात वर्णावरून भेद करू नये, असे कलम आले. हॉवर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने हवाई दलात प्रवेश मिळावा म्हणून १९४१ च्या आरंभी न्यायालयात धाव घेतली. त्याच जानेवारीत युद्ध खात्याने जाहीर केले की कृष्णवर्णीयांची एक वेगळी लढाऊ विमानतुकडी उभारण्यात येईल. वेगळी, हा शब्द लक्षात ठेवा. दार उघडले होते, पण ते मागच्या बाजूचे होते.

आधी मेकॅनिक, मग वैमानिक

या तुकडीचे नाव होते ९९ वी परस्यूट स्क्वाड्रन. ती २२ मार्च १९४१ रोजी इलिनॉय राज्यातील शानूट फील्ड या हवाई दलाच्या तांत्रिक प्रशिक्षण केंद्रात कार्यान्वित झाली. त्या दिवशी या तुकडीत लष्कराने शिकवलेला एकही कृष्णवर्णीय वैमानिक नव्हता. वैमानिकांचा पहिला वर्ग टस्कीगीला जुलैमध्ये सुरू झाला आणि त्यातले पाच जण ७ मार्च १९४२ रोजी उत्तीर्ण झाले. त्या पाचांत बेंजामिन ओ. डेव्हिस, धाकटे, हे होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात चार वर्षे सहाध्यायांनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते, तरी ते १९३६ साली तेथून पदवी घेऊनच बाहेर पडले होते.

म्हणजे जवळजवळ एक वर्ष ही लढाऊ तुकडी मुख्यतः कारागिरांचीच होती. अडीचशेहून अधिक तरुण शानूटला शिकत होते. कोणी इंजिन, कोणी पंखा, कोणी पत्रेकाम आणि वेल्डिंग, कोणी शस्त्रे, कोणी बिनतारी यंत्रे. त्यांच्याबरोबर पाच तरुण जमिनीवरील कामाचे अधिकारी होण्यासाठी शिकत होते. राहण्याची सोय वेगळी होती. शिकायचे यंत्र मात्र सर्वांचे एकच होते आणि ते कोणाच्या हाताचा रंग पाहून चालत किंवा बंद पडत नव्हते. नोव्हेंबर १९४१ मध्ये ही शिकून तयार झालेली माणसे अलाबामात आली, टस्कीगीच्या नव्या विमानतळावर. हा तळही मॅकिसॅक आणि मॅकिसॅक या कृष्णवर्णीय स्थापत्यकारांच्या कंपनीनेच बांधला.

विमानाआधी धावपट्टी लागते आणि वैमानिकाआधी मेकॅनिक लागतो, हा हिशेब लष्कराला ठाऊक होता. आपल्याला मात्र तो वारंवार सांगावा लागतो.

इंजिन आणि पंखा

आता हे काम काय असते, ते थोडक्यात पाहू. त्या काळातील लढाऊ विमान पंख्यावर उडत असे. इंजिन पंखा फिरवते आणि पंखा हवेला मागे ढकलून विमानाला पुढे ओढतो. पंख्याचे पाते नीट पाहिले तर ते विमानाच्या पंखासारखेच वळवलेले असते. त्याचा तिरपा कोन कमी-जास्त करता येतो. सायकलला गिअर असतो, तसाच हा प्रकार समजा. चढावर हलका गिअर, सपाटीवर जड गिअर. उड्डाण करताना पाती कमी तिरपी ठेवतात म्हणजे इंजिन पूर्ण जोराने फिरते, आणि वेग आल्यावर ती अधिक तिरपी करतात. हा कोन आपोआप सांभाळणारे एक यंत्र असते, त्याला गव्हर्नर म्हणतात. अनेक पंख्यांत तो इंजिनाच्याच तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन बदलतो, तर काही पंख्यांत हे काम विजेची मोटर करते. तेल गळले किंवा मोटर बिघडली की कोन चुकतो. कोन चुकला की इंजिन भलत्याच वेगाने फिरू लागते, आणि तेही जमिनीपासून हजारो फूट उंचीवर.

पात्याला धावपट्टीवरचा खडा लागून बारीकशी खोच पडते. डोळ्याला ती क्षुल्लक दिसते. पण पाते मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेत असते. सारा ताण त्या खोचेपाशी एकवटतो, तेथून तडा सुरू होतो आणि एखाद्या दिवशी पात्याचा तुकडाच उडून जातो. म्हणून मेकॅनिक पात्यावरून बोट फिरवून खोच शोधतो आणि बारीक कानशीने घासून ती जागा गुळगुळीत करतो. किती घासायचे, यालाही माप असते. जास्त घासले तर पंख्याचा तोल जातो, विमान थरथरू लागते आणि त्या थरथरीने इंजिनाचे बोल्ट सैल होतात. म्हणून बोल्ट घट्ट केल्यावर त्याला तारेने जखडून ठेवतात. एक तार विसरली तर वैमानिकाचा जीव जाऊ शकतो.

बारा सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण चोवीस स्पार्क प्लग असतात. ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो दोन असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर विमान घरी यावे, ही त्यामागची योजना. उड्डाणापूर्वी एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात, ते काट्यावर पाहतात. ठरलेल्या मापापेक्षा जास्त उतरले तर विमान जायचे नाही. हे सारे आकडे हवाई दलाच्या तांत्रिक पुस्तिकांत छापलेले असतात. फटी इंचाच्या हजाराव्या भागात मोजाव्या लागतात. ज्याला वाचता येत नाही, अपूर्णांक समजत नाही, आकृती पाहून यंत्र ओळखता येत नाही, त्याने या कामाला हात लावू नये.

अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला आपण कारागिरीकडे ढकलतो आणि हुशार मुलाला तिकडे फिरकू देत नाही. पालकांनो, या समजुतीचा येथे जरा विचार करा. शानूटला गेलेल्या त्या तरुणांपुढे गणित, वाचन आणि हातोटी ही तिन्ही एकत्र मागणारे काम होते.

लाल फुली

लष्करी विमानाबरोबर एक नोंदपुस्तिका असते. विमानाची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्या प्रमुख मेकॅनिकला क्रू चीफ म्हणतात. तपासणी करून तो त्या पुस्तिकेत खूण करतो आणि सही करतो. किरकोळ दोष असेल तर तिरपी लाल रेघ. विमान उडण्यास अयोग्य असेल तर लाल फुली. ती फुली रीतसर निघाल्याशिवाय विमान उडवायचे नाही, मग वैमानिकाचा हुद्दा कितीही मोठा असो.

हे कोठे घडत होते, ते ध्यानात घ्या. अलाबामा राज्यात त्या वेळी बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मत देता येत नव्हते. मतदानासाठी कर होता, वाचनाची परीक्षा होती, आणि ती घेणारे अधिकारी गोरे होते. टस्कीगी गावातील प्राध्यापकसुद्धा त्यांच्या दृष्टीने निरक्षर ठरू शकत होता. तळाच्या फाटकाबाहेर ज्याच्या सहीला कचेरीत किंमत नव्हती, त्याच माणसाच्या सहीवर तळाच्या आत एक लढाऊ विमान आणि एका तरुणाचा जीव अवलंबून होता. त्याची एक लाल फुली विमान थांबवू शकत होती. अशा माणसाच्या मनात घरी परतल्यावर कोणते प्रश्न उभे राहिले असतील, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

टस्कीगीच्या तळावर स्त्रियाही कामाला होत्या. काही हवाई छत्र्यांच्या घड्या घालीत, तर काही विमानदुरुस्तीच्या कामात होत्या. आपल्या मुलींसाठी हेही सांगून ठेवतो.

इटलीतील तळ

एप्रिल १९४३ मध्ये ९९ वी तुकडी उत्तर आफ्रिकेला रवाना झाली आणि जूनमध्ये तिने पहिली लढाऊ उड्डाणे केली. त्याच वर्षी वरिष्ठांपैकी काहींनी, ही तुकडी लढाईस लायक नाही, असा शेरा मारला. डेव्हिस यांना वॉशिंग्टनला जाऊन समितीपुढे आपल्या माणसांची बाजू मांडावी लागली. २७ आणि २८ जानेवारी १९४४ या दोन दिवसांत इटलीतील अँझिओवर या तुकडीने बारा शत्रुविमाने पाडली, तेव्हा कोठे ती कुजबुज थांबली.

पुढे चार तुकड्यांचा ३३२ वा गट इटलीत एकत्र आला आणि ॲड्रियाटिक समुद्राजवळील रामितेली येथे त्याचा तळ पडला. विमानांच्या शेपट्या तांबड्या रंगवल्या होत्या. येथे मेकॅनिकांची खरी कसोटी लागली. या गटाकडे फेब्रुवारी ते जुलै १९४४ या अवघ्या सहा महिन्यांत एकामागून एक तीन प्रकारची विमाने आली. पहिले पी-३९, ज्याचे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असे आणि लांब दांडा त्याच्या आसनाखालून जाऊन पुढचा पंखा फिरवी. दुसरे पी-४७, अठरा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, सुमारे दोन हजार अश्वशक्तीचे अवजड इंजिन. तिसरे पी-५१ मस्टँग, मूळ इंग्लंडच्या रोल्स-रॉईसचे, पण अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेले बारा सिलिंडरचे मर्लिन इंजिन, जे द्रवाने थंड ठेवावे लागे. या द्रवाची नळी फुटली की काही मिनिटांतच इंजिन तापून बंद पडे.

वैमानिकाला नवे विमान शिकताना आसन आणि काटे तरी पुष्कळसे ओळखीचे असतात. मेकॅनिकला मात्र सगळेच नव्याने शिकावे लागते. नवी हत्यारे, नवी मापे, नवे दोष. तेही तंबूत राहून, उघड्यावर, थंडी-पावसात, लोखंडी जाळ्या अंथरून केलेल्या धावपट्टीच्या कडेला. विमाने सकाळी जात, दुपारी येत, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तयार हवी असत. वैमानिक झोपत, तेव्हा मेकॅनिकांचे काम चालू असे.

२४ मार्च १९४५ रोजी या गटाला बर्लिनवर जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीस जायचे होते. जाऊन येऊन सुमारे १,६०० मैल, म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक. नेहमीच्या जोड टाक्यांतील इंधन पुरणारे नव्हते. मोठ्या टाक्या ऐन वेळी कोठून तरी मिळवून मेकॅनिकांनी त्या रातोरात विमानांना बसवल्या, असे या गटातील लोक पुढे सांगत. त्या दिवशी त्यांच्या वैमानिकांनी जर्मनीची तीन जेट विमाने पाडली. पंख्याच्या विमानांनी जेट विमाने पाडली होती. या कामगिरीसाठी गटाला सन्मानपत्र मिळाले.

येथे इतिहासाच्या दृष्टीने एक खुलासा करणे जरूर आहे. या गटाच्या सोबतीत एकही बॉम्बफेकी विमान शत्रूच्या विमानांनी पाडले नाही, असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. पुढे लष्करी कागदपत्रे तपासल्यावर असे दिसून आले की २७ विमाने पडली होती. त्याच कामावरील इतर गटांची सरासरी ४६ होती. म्हणजे दंतकथा बाजूला ठेवली तरी काम उत्तमच ठरते. आपल्या समाजाचा इतिहास लिहितानाही हे पथ्य पाळावे. खरे यश पुरेसे असते, त्याला फुगवण्याची गरज नसते.

टस्कीगीहून एकूण ९९२ वैमानिक तयार झाले. जमिनीवरील माणसे धरली तर संख्या चौदा हजारांच्या पुढे जाते. दर वैमानिकामागे दहाहून अधिक माणसे. छायाचित्रांत दिसणारा एक आणि छायाचित्राबाहेरचे दहा, असा हा हिशेब आहे.

युद्धानंतर

युद्ध संपले आणि ही माणसे घरी आली. त्यांच्या स्वागताला पाट्या होत्या, गोऱ्यांसाठी वेगळा रस्ता आणि काळ्यांसाठी वेगळा. नागरी विमान कंपन्यांनी पुढे कित्येक वर्षे कृष्णवर्णीय वैमानिकांना दारात उभे केले नाही, आणि शिकलेल्या कारागिरांपैकी अनेकांच्या वाट्याला आपल्या लायकीपेक्षा खालचे काम आले. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. या आदेशामागे अनेक कारणे होती, पण टस्कीगीच्या माणसांनी १९२५ चा तो अहवाल खोटा पाडला होता, हे त्यातले एक मोठे कारण होते.

मे १९४९ मध्ये हवाई दलाची नेमबाजीची स्पर्धा लास व्हेगास येथे झाली. पंख्याच्या विमानांच्या गटात ३३२ व्या गटाचा संघ पहिला आला. चषक मिळाला, छायाचित्र निघाले, आणि नंतर तो चषक कोठे गेला, ते कोणालाच सांगता येईना. हवाई दलाविषयीच्या वार्षिक ग्रंथात त्या वर्षीच्या विजेत्यापुढे कित्येक वर्षे 'अज्ञात' असे छापले जात होते. शेवटी २००४ साली तो चषक हवाई दलाच्या संग्रहालयाच्या कोठारात सापडला.

टस्कीगी गावाचेही ऐका. मतदारांत कृष्णवर्णीयांची संख्या वाढू लागली, तेव्हा अलाबामाच्या विधिमंडळाने १९५७ साली गावाची चौकोनी हद्द बदलून अठ्ठावीस बाजूंची करून टाकली. संस्था हद्दीबाहेर गेली आणि जवळजवळ सारे कृष्णवर्णीय मतदारही बाहेर गेले. गावकरी कोर्टात गेले आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २००७ साली टस्कीगीच्या या विमानदलाला अमेरिकेच्या संसदेचे सुवर्णपदक देण्यात आले. ते साऱ्यांना मिळून दिलेले होते, पाना धरणाऱ्यांनाही. तोवर त्यातले बहुतेक जण हयात नव्हते.

आपल्यासाठी

आता त्या जुन्या वादाकडे वळू. वॉशिंग्टन बरोबर की डु बॉईस? कारागिरी की हक्क? मला वाटते, ९९ व्या तुकडीच्या इतिहासात दोघांनाही जागा आहे. वृत्तपत्रांनी लिहिले नसते, तो विद्यार्थी न्यायालयात गेला नसता, तर दार उघडलेच नसते. आणि दार उघडल्या दिवशी आत जाऊन काम हाती घेऊ शकणारी, वाचता-मोजता येणारी, हात बसलेली माणसे मिळाली नसती, तर "पाहा, आम्ही म्हणतच होतो" असे म्हणून ते पुन्हा लावून घेतले गेले असते. हक्काने दार उघडते, परंतु आत टिकण्यास हुनर लागते.

पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी घरातला मिक्सर उघडून बसली, तर पहिल्यांदा रागावू नका. तिला त्याची आकृती काढायला सांगा, भागांची नावे लिहायला लावा, आणि जमल्यास पुन्हा जोडायला लावा. जोडता आला नाही तर दुरुस्तीच्या दुकानात तिला बरोबर घेऊन जा आणि त्या कारीगरशी आदराने बोला, तिच्या देखत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आयटीआयला जा, तंत्रनिकेतनात जा, किंवा अभियांत्रिकीला जा. आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमाने तयार होतात आणि हवाई दलाच्या विमानांची दुरुस्तीही होते. तिकडे जाणारा रस्ता गणिताच्या वहीतून आणि कार्यशाळेच्या टेबलावरून जातो. गणित सोडू नका, कारण फट हजाराव्या भागात मोजायची असते. इंग्रजी पुस्तिका वाचायला शिका, कारण त्यातल्या एका ओळीवर कोणाचा तरी जीव असतो. आणि ज्या कामावर तुमची सही होईल, ते असे करा की त्या सहीवर विसंबून कोणीही निर्धास्तपणे आकाशात जावे.

ज्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत, त्या शानूटच्या अडीचशे तरुणांनी एवढेच केले होते. त्यांनी पात्यावरून बोट फिरवले, खोच शोधली, तार जखडली आणि सही केली. मग त्यांच्या समाजाची मुले आकाशात गेली आणि परतही आली.